लाल पेन्सिलीखालचे निरोप

माझा धाकटा, एलिसेओ, त्या वर्षी माजला होता. दुसरा शब्द नाही. जानेवारीपासून वरच्या तळावरून त्याच्या सहा चिठ्ठ्या आल्या आणि सहांतल्या एकीतही त्यानं काही मागितलं नव्हतं. डोंगरात एकटा राहणारा माणूस, भोवती चारशे मेंढ्या आणि वारा. त्याला चहासारखा उकळून प्यायला येर्बाचा पाला लागत नाही? तंबाखू लागत नाही? मोजे फाटत नाहीत? बाकीच्या गड्यांच्या याद्या वाचता वाचता माझा चष्मा घसरतो. आणि आमचे राजेश्री लिहितात, 'सगळं मिळालं, आई. सगळ्यांचे आभार.' आईचे आभार! परक्या बाईनं बसमध्ये जागा दिल्यासारखे. पाचव्या चिठ्ठीत तर कहर केला. कुत्री शेजारच्या तळावरच्या आन्सेल्मोला देऊन टाकली म्हणे. ती कुत्री मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मला विचारायची काही रीत?

मीही कमी नाही. म्हटलं, तोंड उघडून मागत नाहीस ना, मग बस तसाच. पुढच्या दोन खेपांना मी बाल्दोमेरोच्या ट्रकमध्ये त्याच्या नावानं मीठसुद्धा घातलं नाही.

मी कोण ते आमच्या खोऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण हे वाचणारे लांबचे असतील, म्हणून सांगते. लास लेंगास गावच्या रेडिओकेंद्राच्या खिडकीत मी, एर्मिंदा बार्रिया, चौतीस वर्षं बसले. वर डोंगरात फोन लागत नाही. प्रत्येक तळावर एक रेडिओ असतो आणि दुपारी बारा वाजता सगळं खोरं कान देऊन निरोप ऐकतं. 'रोसेंदाला मुलगा झाला, दोघं सुखरूप.' 'घोडा शुक्रवारी पुलावर आणा.' गावातले लोक खिडकीशी येऊन निरोप सांगतात, वरचे गडी चिठ्ठ्या पाठवतात. बाल्दोमेरोचा ट्रक एक गुरुवार सोडून एक गुरुवार पुलापर्यंत जातो. तिथं सामान उतरतं आणि चिठ्ठ्या चढतात. चिठ्ठी त्या त्या गड्याच्या वहीत चिकटवायची, तिच्यातलं काय वाचायचं ते ठरवायचं, हे माझं काम. घसा खाकरून गोड आवाजात वाचायचं, हे सेफेरिनोचं.

ठरवायचं म्हणजे लाल पेन्सिल. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण फालतू काय ते मला बरोबर कळतं. एका निरोपाला दोन ओळी. रडगाणं, घरचं भांडण, 'फार आठवण येते', सगळ्यावर लाल रेघ. ऐकायला सगळं खोरं बसलेलं. कुणाच्या घरचं का उघडं पडावं? मरणसुद्धा आम्ही मरण म्हणून वाचत नाही. 'चांगला कोट घालून खाली या' एवढंच वाचतो, आणि वरचा माणूस काय ते समजून घोड्यावर खोगीर टाकतो. ही रीत माझ्या आधीच्या बाईची, पण तिला धार मी लावली. लोक मला कात्री म्हणायचे. मला ते आवडायचं.

माझा थोरला, देल्फीन, सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या तळावर, ऐन हिवाळ्यात, स्वतःच्या हातानं. धाकट्याला कोट घालून खाली ये, असं मीच लिहून दिलं आणि सेफेरिनोनं ते वाचलं. पुरून आलो, जेवलो, आणि पुन्हा तो विषय घरात निघाला नाही. मी निघू दिला नाही.

एप्रिलात, म्हणजे आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, एका सकाळी खिडकीशी एक बाई आली. बारीक चणीची, नाक थंडीनं लाल, पायांत शहरातले बूट. नोएलिया विदाउर्रे, सान्तियागोहून.

"बाई, तुमच्या निरोपांच्या वह्या बघायच्या होत्या."

"कशाला? चूल पेटवायला गावात लाकूड मिळतं की."

"मी कोर्टासाठी काम करते. धमकीची चिठ्ठी कुणी लिहिली, मेलेल्या माणसाजवळचं पत्र त्यानंच लिहिलंय की दुसऱ्यानं लिहून ठेवलंय, हे लिहिण्याच्या ढंगावरून ओळखायचं."

"म्हणजे चहाडी."

"पगारी चहाडी," ती म्हणाली. मला हे आवडलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

मग तिनं खरं सांगितलं. आमच्या आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेनं, मार्गोतनं, तिला पत्र लिहिलं होतं. अकरा वर्षांत या खोऱ्यातल्या तळांवरचे नऊ गडी आपल्या हातानं गेले. शेवटी ते कुणाशी बोलले नव्हते, पण चिठ्ठ्या सगळ्यांनीच पाठवल्या होत्या.

"कोर्टात माझं उत्तर बरोबर आलं तरी कुणी उठून बसत नाही, बाई," ती म्हणाली. "शेवटचं पत्र वाचून वाचून मी कंटाळले. मला आधीचं वाचायचंय. पाच महिने आधीचं, दोन महिने आधीचं. त्यात काही दिसलं तर मार्गोतला आणि मदतीच्या फोनवर बसणाऱ्या लोकांना सांगता येईल, की असं ऐकू आलं तर उठा."

"मेले ते मेले. त्यांची घरं अजून याच गावात आहेत. नाही मिळायच्या वह्या."

दुसऱ्या दिवशी ती नगरपालिकेचा कागद घेऊन आली. रेडिओ नगरपालिकेचा, वह्याही नगरपालिकेच्या. माझी फक्त अक्कल. मी वह्या दिल्या, पण तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

तिची कामाची पद्धत मला आधी खुळेपणा वाटली. म्हणाली, "चाळीस गडी निवडा. ते नऊ त्यात घाला, बाकीचे जिवंत घाला. सगळ्यांची नावं झाका आणि आकडे टाका. कोण गेलंय ते मला कळू देऊ नका."

"का? विसराल म्हणून?"

"कळलं तर मला जे दिसायला हवं तेच दिसेल."

मी पिठाची खळ केली आणि नावांवर कागदाच्या पट्ट्या डकवल्या. देल्फीनला तेवीस आकडा दिला. ती पट्टी मी दोनदा डकवली, खोटं का सांगू. चाळीस भरायला जिवंतांतला कुणीही घेत गेले. एलिसेओ सतरावा, कारण त्याची वही वरच पडली होती.

सहा दिवस ती शेगडीजवळ वाचत बसली. पहिल्या दिवशी मी तिला येर्बा दिली नाही. तिसऱ्या दिवशी दिली. ती कडू लागली असणार, पण तिनं चेहरा वाकडा केला नाही, म्हणून चौथ्या दिवशीही दिली. प्रत्येक गड्याच्या जुन्या चिठ्ठ्या कागदावर एका बाजूला उतरवायची आणि नव्या दुसऱ्या बाजूला. मी विचारलं, याची त्याच्याशी का नाही ताडत? ती म्हणाली, "एक मुळातच घुमा असतो, दुसरा मुळातच बडबड्या. माणसाला त्याच्या स्वतःशीच ताडून बघायचं. तो कधी बदलला, ते शोधायचं."

सोमवारी सकाळी तिनं दहा गडी बाजूला काढले आणि म्हणाली, "बघा."

मी किटलीच्या वाफेवर पट्ट्या सोडवल्या. पहिला, गेलेला. दुसरा, गेलेला. तिसरी पट्टी निघाली आणि मला हसूच फुटलं. "हा बेनितो! लग्न करून बेकरीत बसलाय आणि पावापेक्षा जास्त फुगलाय. याच्याबद्दल काय म्हणतं तुमचं शास्त्र?"

"चुकलं म्हणतं. मी ज्योतिषी नाही, बाई."

आणखी एक तसाच जिवंत निघाला. पण नवातले सात तिच्या ढिगात होते. सात. माझं हसू ओसरत गेलं. तेवीसची पट्टी मी सोडवली नाही. उरला सतरा. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हा कधी गेला?"

"हा गेलेला नाही," मी म्हटलं. "हा माझा मुलगा आहे. धाकटा. वर आहे."

पेला खाली ठेवला तिनं.

"काय दिसतं तुम्हाला त्यात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "माजलाय तो. दुसरं काही नाही."

"वरून लिहिणारा प्रत्येक माणूस पुढचं काहीतरी लिहितो. कातरणीला येतो, सेल पाठवा, मोजे पाठवा, ते कोकरू विकू नका. गेल्या वर्षीपर्यंत हाही लिहीत होता. बघा, ही यादी केवढी. जानेवारीनंतर पुढचं काहीच नाही. मागणं थांबलं. आभार सुरू झाले. आणि आता वाटून टाकतोय. कुत्री दिली, लगाम दिला." तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "बेनितोसारखं माझं हेही चुकू शकतं. पण चुकीची वाट बघत बसण्यासारखं हे नाही."

मी उठले, खिडकी पुसली, परत बसले. तिला आणखी एक विचारायचं होतं.

"ह्या लाल रेघा कुणाच्या?"

"माझ्या. रेघेखालचं वाचत नाहीत."

"या सातांत सहा जणांना मी ज्यामुळे ओळखलं, ते रेघेखाली आहे," ती हळू म्हणाली. मग तेवीस उचलून तिनं त्याची पट्टी वाफेवर सोडवली आणि वाचलं. "'एलिसेओला सांगा, रविवारी जमलं तर माझ्याकडे येऊन जा. माझं खोगीर त्यालाच द्या. मी बरा आहे. देल्फीन.' यातलं रेडिओवर काय वाचलं?"

"'मी बरा आहे. देल्फीन.'"

"हा कोण?"

"हाही माझाच."

तिनं माझं सांत्वन केलं नाही. त्याबद्दल मी आजही तिचं चांगलं चिंतते. मी ती ओळ का खोडली होती, ते मला स्वच्छ आठवत होतं. तीस वर्षांचा बाप्या धाकट्या भावाला ये म्हणून विनवतोय, हे सगळ्या खोऱ्यानं का ऐकावं? आम्ही बार्रिया. आम्ही विनवत नाही.

घड्याळात पावणेबारा झाले होते.

"त्याला विचारा," ती म्हणाली. "सरळ विचारा. आडून नको. विचारल्यानं ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आत असलं तर बाहेर पडायला वाट मिळते. आणि त्याच्याजवळ कुणीतरी जायला हवं, आजच."

मी चिठ्ठी लिहायला घेतली आणि पेन्सिल टाकली. आत जाऊन सेफेरिनोच्या समोरचा माईक माझ्याकडे वळवला.

"एर्मिंदाबाई, हे काय? लोक ऐकतायत."

"ऐकू दे. म्हणून तर आले. ऊठ."

"अहो, दोन ओळींचा नियम तुमचाच..."

"सेफेरिनो, तुझ्या आवाजाला गाव भुलतं, मी नाही. ऊठ म्हटलं ना."

बाराचा टोला पडला. मी बोलले, "एलिसेओ, तुझी आई बोलतेय. तुला मरावंसं वाटतंय का? वाटत असलं तर एकटा राहू नकोस. मी निघाले आहे. आन्सेल्मो, तू त्याच्या सगळ्यांत जवळ आहेस. जेवत असलास तर ताट टाक, घोडा काढ आणि त्याच्याकडे जा. मी येईपर्यंत त्याला सोडून हलू नकोस." एवढं बोलून उठणार होते. पण ते बाकीचे सहा डोळ्यांसमोर उभे राहिले. "आणखी कुणाला तसं वाटत असेल तर शेजारच्या तळावर जा. त्यानं हाकललं तर माझं नाव सांगा, मी बघून घेते त्याला."

रेडिओला वरून उत्तर येत नाही. आपण बोलायचं आणि माईककडे बघत बसायचं. चौतीस वर्षांत मला हे कधी टोचलं नव्हतं.

बाल्दोमेरो ट्रकखाली आडवा पडला होता. "आज सोमवार, एर्मिंदाबाई."

"वार मलाही कळतात. गाडी काढ."

मार्गोत औषधांची पेटी घेऊन पुढे बसली, मी मध्ये. निघताना नोएलियानं देल्फीनची चिठ्ठी वहीतून अलगद सोडवली आणि माझ्या हातात दिली. "नगरपालिकेला मी उत्तर देईन," म्हणाली. पुलापाशी पोचेपर्यंत उजेड गेला. पुढची वाट कड्यावरून जाते, म्हणून बाल्दोमेरोनं घोडे काढू दिले नाहीत. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. उजाडताच आम्ही चढायला लागलो.

मी एकाहत्तर वर्षांची, पण घोड्यावर मार्गोतपेक्षा ताठ बसते. अर्ध्या वाटेवर माझं लक्ष अंगाकडे गेलं. मी चांगला कोट घातला होता. काळा, पुरायला घालते तो. घरातून निघताना हाताला आला, तोच चढवला. तो उतरवला, गुंडाळून खोगीराखाली कोंबला आणि उरलेली वाट कुडकुडत काढली. मार्गोतनं स्वतःची शाल पुढे केली, ती मी घेतली नाही. पोरांना मेल्या म्हणून हाक मारायची माझी सवयही त्याच वाटेवर सुटली.

धुराड्यातून धूर येत होता. आन्सेल्मो दारात बसून बटाटे सोलत होता, जणू रोज तिथंच सोलतो.

"जिवंत आहे," आधी तो हे म्हणाला. मग उठला. "जेवत नाही. बोलत नाही. कालपासून मी एकटाच बोलतोय. घोड्यांबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं सगळं संपलं, बाई."

"त्यानं ऐकलं का? माझं बोलणं?"

"कुठलं! त्याचा रेडिओ मुका आहे. सेल मार्चमध्येच संपलेत." त्यानं नजर खाली घातली. "मी ऐकलं. वेळेवर पोचलो, एवढंच म्हणतो. बाकीचं विचारू नका."

सेल त्यानं मागितले नव्हते. आणि मी माझ्याच तोऱ्यात बसले होते.

आत सगळं झाडूनपुसून ठेवलेलं. भांडी घासून पालथी. कोपऱ्यात तीन गाठोडी आणि प्रत्येकावर कागद: हे कुणाला, ते कुणाला. एवढी टापटीप त्या पोरानं आयुष्यात केली नव्हती. एलिसेओ खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. पाठीची हाडं सदऱ्यातून मोजता आली असती.

"कशाला आलीस, आई?"

"आले." रोजचा टोमणा ओठांवर आला आणि तिथंच मेला. मी त्याच्या शेजारी बसले. मार्गोत दारापाशी थांबली. "तुला मरायचं होतं का?"

"हो."

"आता?"

"आताही." चिठ्ठीत मीठ मिळालं लिहावं, तसं त्यानं ते सांगितलं.

असल्याच शब्दांवर मी चौतीस वर्षं रेघ ओढली होती.

"कधीपासून?"

तो भिंतीशीच बोलला. "देल्फीन गेला त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी रेडिओ लावून बसलो होतो. सेफेरिनोनं वाचलं, मी बरा आहे, देल्फीन. मला माहीत होतं तो बरा नाही. त्याआधी भेटला तेव्हाच त्याचे डोळे बघून वाटलं होतं. घोडा बाहेरच बांधलेला होता, आई. तीन तासांची वाट. पण मी म्हटलं, बरा आहे म्हणतोय ना. आणि रेडिओ बंद करून झोपलो. ऊबेला झोपलो." त्यानं तळहात मांडीवर घासले. "त्याला मी मारलं. मला ये म्हणाला असता तर मी गेलो असतो. पण त्यानं बोलवावं एवढंही त्याला माझ्याबद्दल वाटलं नाही."

चिठ्ठी माझ्या छातीशी होती. मी गप्प बसले असते, तर ते कुणाला कळलं नसतं. मार्गोतला नाही, आन्सेल्मोला नाही. या पोराला मी खाली नेलं असतं, सूप पाजलं असतं, आणि तो मला निदान आई म्हणत राहिला असता. दाखवली तर तो मला गमावणार. आणि ते ओझं त्याला पेलेल की त्याखाली तो पुरताच बसेल, हे मला कळत नव्हतं. नोएलियाच्या शास्त्रातही याचं उत्तर नव्हतं. मी काढून त्याच्या हातात दिली.

त्यानं भावाचं अक्षर ओळखलं. वाचलं. रेघेवरून बोट फिरवत पुन्हा वाचलं. त्याच्या घशातून जो आवाज निघाला, तसा मी कुणा माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. आन्सेल्मो बटाटे टाकून आत आला.

"ही रेघ तुझी आहे," एलिसेओ म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"माझी."

"त्यानं मला बोलावलं होतं."

"हो. बोलावलं होतं."

"बाहेर जा."

मार्गोतनं माझं कोपर धरलं. मी ते सोडवून घेतलं.

"जाते. पण आधी ऐक," मी म्हटलं. "सहा वर्षं तू स्वतःला गुन्हेगार ठरवून बसलास आणि साफ चुकलास. तू जे ऐकलंस ते देल्फीनचं बोलणं नव्हतं, माझं होतं. त्याला तू हवा होतास. तुझी चूक तांदळाएवढीही नाही. गुन्हा माझा आहे, तुझ्या आईचा, आणि तो मी खाली जाऊन माईकसमोर सांगणार आहे, एक ओळही न खोडता. तू माझं तोंड बघू नकोस, मला आई म्हणू नकोस, मी मेले तर कोट घालून येऊ नकोस. मला त्याची तक्रार नाही. पण माझ्या गुन्ह्याची शिक्षा तू भोगायची नाहीस, पोरा. आन्सेल्मो, याचे बूट कुठे आहेत ते बघ."